सरांची जीप गाळात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांचे. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला निघाले की गावातली निम्मी मुले त्यांच्याबरोबर फडावर जात. मला सरांनी जाऊ दिले नाही. सातवीपासून बारावीपर्यंत वर्षातले सहा महिने मी त्यांच्या घरी राहिलो, त्यांच्याच पंगतीला जेवलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या जेवणावर.

सर आता लातूरला लेकीकडे असतात. जाताना त्यांनी आपली जुनी जीप माझ्या हवाली केली. "चालवत राहा. उभी राहिली की गाडी मरते," एवढेच म्हणाले. या जीपवर सरांनी कधी ओरखडा पडू दिला नव्हता. आत बसण्याआधी आम्हा मुलांना पाय झटकावे लागत. चौसाळ्यात मी भाड्याने राहतो, तिथे ती दारासमोर उभी असते आणि मी रोज सकाळी तिच्यावरून फडके फिरवतो.

यंदा मार्चमधल्या एका रविवारी मी आणि माझी बायको ती जीप घेऊन मासे धरायला निघालो. लग्नाला दीड वर्ष झाले होते, पण दोघांनीच असे कुठे जाण्याची ही पहिलीच वेळ. मासे धरण्याची हौस तिची. ती सहावीतच शाळा सोडून आईवडिलांबरोबर फडावर गेली आणि राहायच्या कोपीशेजारच्या, म्हणजे झोपडीशेजारच्या, कालव्यात गळ टाकायला शिकली. मला गळाला गांडूळ लावणेही जमत नाही.

मांजरसुंब्याला चहा घेतला आणि माजलगावच्या बाजूला धरणाकडे गेलो. डांबरी रस्ता सोडल्यावर बैलगाडीची चाकोरी लागली, मग दगडांचा ओढा, मग गाळपेर. धरणाचे पाणी उन्हाळ्याकडे मागे सरते तशी उघडी पडलेली जमीन आसपासचे लोक पेरतात, तिला गाळपेर म्हणतात. शेवटचे हरभऱ्याचे रान संपले आणि समोर पाण्याच्या कडेने वाळूचा पांढरा पट्टा दिसला. तिथे माणूस नव्हता, फक्त बगळे. मधे पन्नास-साठ पावलांचा राखाडी, भेगाळलेला सपाट तुकडा होता.

"हितंच लावा गाडी," ती म्हणाली. "चालत जाऊ."

"अगं, भेगा बघ केवढ्या. कोपरापर्यंत हात जाईल. काळ्या रानाला अशा भेगा पडल्या म्हणजे ते खोलवर वाळलं. भूगोलात शिकलोय मी."

"मंग घाला बाई. शिकलेल्याला कोनी आडवावं?"

मी जीप थेट वाळूच्या काठाशी नेऊन उभी केली. जमीन दगडासारखी वाजली. मला फार बरे वाटले.

दोन तास मजेत गेले. तिने तीन चिलापी काढल्या. माझ्या गळाला एक चप्पल लागली, त्यावर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग सहज मागे वळून म्हणाली, "अवो, गाडी बुटकी झाल्यासारखी दिसती का?"

जीप खरोखरच बुटकी झाली होती. वरचा पापुद्रा फोडून चारी चाके खाली बसली होती. मी धावत जाऊन गाडी सुरू केली, चारी चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढला आणि पाय दाबला. गाडी हलली ती फक्त खाली. दोन मिनिटांत आस चिखलाला टेकला.

आवाज ऐकून थर्माकोलच्या तराफ्यावरून एक म्हातारे मासेमार काठाला आले. ते गाडीकडे बघतच राहिले.

"कावून आणली हितं?"

"भेगा बघून वाटलं, वाळलीय."

"ही गाळाची जमीन हाय, सायेब. भाकरीवानी. वरून पापुद्रा, आत वाफ." त्यांनी काठीने पाण्याची कड दाखवली. "आन सकाळधरनं वरून कालव्याचं पानी सुटलंय. सपाट जागा हाय. बोटभर चढलं की धा पावलं म्होरं येतं. दिवस मावळंस्तवर गाडी पान्यात बसंल."

"गावात ट्रॅक्टर मिळेल का?"

"समदं गाव लग्नाला गेलंय. ट्रॅक्टरावरच गेलंय."

सकाळी वाळूवर मी माझी चप्पल काढून ठेवली होती. ती आता पाण्यावर तरंगत होती. सरांचे इंजिन, सरांच्या सीटा, सगळे पाण्यात. ज्या माणसाने मला घरात घेतले, त्याची एकच वस्तू माझ्याजवळ होती. फोन काढला, सरांचा नंबर समोर आणला आणि तसाच खिशात ठेवला.

बायको तोवर काठावरच्या बेशरमीच्या झुडपांकडे बघत होती. मासे भाजायला काटक्या तोडाव्यात म्हणून आणलेला कोयता तिने उचलला.

"फडात ट्रॉली फसली की मुकादम काय करायचा ठावं हाय का? शिव्या द्यायचा. आन आमी बाया उसाचं पाचट टाकायचो चाकाखाली. हितं पाचट न्हाई, बेशरम हाय. तुमी चाकाम्होरचा गाळ उपसा."

"पुढे कशाला? पुढे तर पाणी आहे."

"चुकलं माजं. मागचा उपसा. आल्या वाटंनंच मागं जायचं. आन चाकातली हवा सोडा, निम्मी."

पदर खोचून ती झुडपांत शिरली. तिचा हात चालताना मी प्रथमच पाहिला. एका घावात फांदी, चार फांद्यांत कवेत मावेल अशी कवळी, त्याच ओल्या फांदीचा पीळ देऊन मोळी बांधलेली. म्हाताऱ्यांनीही तराफा सोडून मोळ्या वाहिल्या. मी दोन्ही हातांनी गाळ उपसला. मोळी उभी ठेवली तर ती ओरडली, "आडवी टाका आडवी! उभीवरून चाक घसरतंय."

पाणी पुढच्या चाकांना लागले तेव्हा मी गाडीत बसलो. पहिल्या खेपेला चाक मोळीवर चढले आणि परत बसले. मी पाय आणखी दाबला.

"रेस कमी करा! जीप हाय ती, इमान न्हाई!"

दुसऱ्या खेपेला तिने आणि म्हाताऱ्यांनी पुढून रेटा दिला. मोळ्या कडकडल्या, गाडी हिसका देऊन मागे आली आणि थेट हरभऱ्याच्या बांधापर्यंत गेली. मी इंजिन बंद केले तरी स्टिअरिंग सोडेना. ती खिडकीशी आली. डोक्यापासून पायापर्यंत गाळ, फक्त दात पांढरे.

"उतरा आता. निगाली गाडी."

आम्ही तिघांनी बांधावर काटक्या पेटवल्या आणि चिलापी मीठ-तिखट लावून भाकरीबरोबर खाल्ल्या. इतक्या सुखाने मी क्वचितच जेवलो असेन. समोर, जीप जिथे होती तिथे, पाणी हळूहळू मोळ्यांवर चढत होते.

हवा निम्मीच असल्याने परतताना हवा भरायचे दुकान लागेपर्यंत बैलगाडीच्या चालीने आलो. वाटेत मी म्हणालो, "घरी गेल्यावर धुऊन टाकू. सरांना कळणार नाही."

"धुवा की," ती म्हणाली. "पण सांगा बी."

फोनवर माझी जीभ वळली नसती. म्हणून त्याच आठवड्यात पत्र लिहिले.

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.
रविवारी तुमची जीप मी धरणाच्या गाळात घातली. चूक सर्वस्वी माझी आहे. ती बुडाली असती, बुडाली नाही. पुढची नंबरची पाटी वाकली आहे आणि डाव्या मडगार्डवर वीतभर ओरखडा आहे. इंजिन मेकॅनिकला दाखवले, ठीक आहे.
गाडी काढली ती तुमच्या सुनेने, बेशरमीच्या मोळ्या चाकांखाली घालून. हे ती फडावर शिकली. तुम्ही मला फडावर जाऊ दिले नाहीत, त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण तिथे राहिलेल्या माणसांना काय काय येते ते मला माहीत नव्हते, आणि दीड वर्षात मी तिला विचारलेही नव्हते. हेही तुम्हाला सांगावेसे वाटले.
पुढच्या महिन्यात आम्ही दोघे जीप घेऊन लातूरला येतो. तुम्ही खाली वाकून सगळे तपासा आणि मला हवे तेवढे रागवा. किल्ली परत द्यायची की नाही, ते त्यानंतर तुम्ही सांगाल तसे.
आपला विद्यार्थी