आवणीच्या दिवसांतलं वाघाचं पुस्तक

दार उघडं होतं, चूल विझलेली होती आणि गौरी घरात नव्हती.

दाभोशाकडच्या एका पाड्यावर मी व्हिजिटला गेले होते. व्हिजिट म्हणजे घरी जाऊन मुलाचं शिकणं कुठवर आलंय ते बघणं. गौरी सहा वर्षांची. तिची आई सुनीता आणि बाप काशिनाथ भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायला शेतावर गेले होते. आवणीच्या दिवसांत घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं एवढीच उरतात. गौरीचे आजोबा, सोमाबाबा, पडवीत घोंगडी पांघरून झोपले होते.

पुस्तकांची पेटी उघडी पडली होती. सवयीनं मी पुस्तकं चाळली. वाघाचं पुस्तक त्यात नव्हतं. मग माझं लक्ष भिंतीवरच्या खुंटीकडे गेलं. तिथं बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी टांगलेली असायची.

खुंटी रिकामी होती.

मी पडवीकडे धावले. का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी जव्हारच्या एका छोट्या शैक्षणिक संस्थेत काम करते. पावसाळ्यात ओहोळ भरले की काही पाड्यांवरची लहान मुलं शाळेपर्यंत पोचत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही ‘घरची शाळा’ चालवतो. प्रत्येक घरी गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी ठेवायची आणि घरात जो कोणी वाचू शकेल त्यानं मुलाला शिकवायचं. सुनीता सातवी शिकलेली, म्हणून गौरीची बाई तीच.

या पद्धतीला आमच्या कामात लिटरेचर-बेस्ड करिक्युलम म्हणतात. नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. अंकलिपी वेगळी नाही, चित्रकला वेगळी नाही. एक गोष्ट घ्यायची आणि अक्षरं, मोजणं, चित्रं, गप्पा सगळं तिच्यातूनच काढायचं. महिन्याच्या मुख्य पुस्तकाला कोअर बुक म्हणतात. त्याच्यासोबत एक अ‍ॅक्टिव्हिटी कार्ड येतं. गोष्ट वाचून झाल्यावर मुलानं काय करायचं ते त्यावर लिहिलेलं असतं.

पेट्या ठरवायच्या मीटिंगला आमच्या वरिष्ठ मीनल मॅडम ठाण्याहून आल्या होत्या. समोर तीन संच होते. पहिल्यात बर्फ आणि राजवाडे. दुसऱ्यात गोष्टी कमी आणि उपदेश जास्त. तिसरा खरोखर सुंदर होता. मोठी अक्षरं, मातीच्या रंगांची चित्रं. मी लहान असताना असं एक पुस्तक हातात आलं असतं, तर मी ते उशाशी घेऊन झोपले असते. जामसरला, माझ्या गावी, आमच्या घरात छापलेली वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. तिसरा संच घ्यायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. अडचण फक्त क्रमाची होती. पावसाळ्यातलं कोअर बुक वाघाचं होतं.

त्यात चिमी नावाची मुलगी जंगलात जाते आणि झोपलेल्या वाघाच्या शेपटीला घंटी बांधते. मग वाघ आला की घंटी वाजते, गाव सावध होतं आणि सगळे सुखानं झोपतात.

मी म्हणाले, “मॅडम, हे पुस्तक पावसात नको.”

“का गं? मुलगी किती धीट आहे त्यातली!”

“पावसाळ्यात आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत.”

“कोणाचं? वाघाचं?” मॅडम हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. “सुनंदा, भीती घालवायलाच तर गोष्टी असतात. दुसरं काही कारण आहे का?”

दुसरं कारण मला सांगता येईना. आमच्या घरात आई त्याला ‘मोठा’ म्हणायची, तेही आवाज खाली करून. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे नाव टाळण्याची वेळ वारंवार येते. पण ही मीटिंगमध्ये सांगायची गोष्ट वाटेना. मला मोबाईलवर साधा रिपोर्ट टाइप करायलाही मॅडमनीच शिकवलं होतं. त्यांच्यापुढे जास्त ताणवेना. पुस्तक पेट्यांतून घरोघरी गेलं.

व्हिजिटच्या आदल्या आठवड्यात पलीकडच्या पाड्यावरून शेळी गेली होती, तीही दिवसाउजेडी. पाड्याकडे येताना जीपमध्ये सगळे तेच बोलत होते, ‘मोठा’ असं म्हणून.

आणि आता पुस्तक नव्हतं, घंटी नव्हती, गौरी नव्हती.

मी सोमाबाबांना हलवून उठवलं. “बाबा, गौरी कुठाय?”

“हितंच तर होती. पुस्तक घेऊन बसलेली.” त्यांनी खुंटीकडे पाहिलं आणि एकदम ताठ झाले. “घाटी कुनी नेली?” घंटीला ते घाटी म्हणतात.

मी पेटीतलं कार्ड उचललं. शेवटच्या ओळी तेवढ्या वाचल्या. ‘तुमच्या घरात घंटी आहे का? शोधा. तुमच्या गावातला वाघ कुठे राहतो? त्याला भेटायला कोणत्या वाटेनं जाल?’ खाली वाट काढायला रिकामी चौकट होती. गौरीनं ती भरली होती. एक घर, एक वाकडी रेघ आणि रेघेच्या टोकाला शेंदरी रंगाचा ठिपका.

ठाण्यातल्या मुलानं तिथं प्राणिसंग्रहालय काढलं असतं. गौरीनं पाड्याच्या वेशीबाहेरचा वाघोबा काढला होता. वाघोबा म्हणजे वाघ कोरलेला, शेंदूर लावलेला दगड. तो रानाच्या तोंडाशी आहे.

शेजारच्या म्हातारीला शेताकडे पिटाळलं आणि आम्ही दोघं निघालो. दुपार कलली होती, पण धुक्यानं संध्याकाळच करून टाकली होती. चार पावलांपुढचं झाड दिसेना. गवत माझ्या कमरेपर्यंत आलेलं. दोन्ही बाजूंनी ते ओलं गवत अंगाला घासत होतं आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं, कुणीतरी सरकलं.

“गौरी!” मी हाक मारली. धुक्यानं ती गिळून टाकली.

“नुसती तिलाच हाक मार,” सोमाबाबा पुटपुटले. “दुसरं कुनाचं नाव नको घेऊ.”

मला नाव घ्यायचं नव्हतंच. मी बी.ए. झाले आहे, पण त्या वाटेवर मी जामसरच्या घरातली पोरच होते.

तेवढ्यात घंटी वाजली.

एकदाच. पुढं, उजवीकडे.

आम्ही दोघंही थांबलो. खरं तर मी धावायला हवं होतं. पण ते पुस्तक मी इतक्या घरांत वाचून दाखवलं होतं की घंटीचा अर्थ माझ्या डोक्यात पक्का बसला होता. घंटी वाजली म्हणजे तो आला. क्षणभर मला खरोखर तसंच वाटलं. पाय उचलेना. सोमाबाबांनी माझा दंड धरून मला पुढं ढकललं.

दगडापाशी गौरी उकिडवी बसली होती. डोक्यावर पावसासाठी पांघरलेली प्लॅस्टिकची घोंगती, मांडीवर पुस्तक, हातात घंटी आणि सुतळी. आम्हाला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“ताई, हळू. झोपलाय तो.”

माझी नजर सगळ्या गवतावरून फिरली. मग समजलं, ती कोरलेल्या वाघाबद्दल बोलत होती.

“शेपूट दगडाला चिकटलेली हाय,” ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. “सुतळी आतून जातच नाय.”

सोमाबाबांनी तिला उचलून खांद्याला लावलं. मी पुस्तक घ्यायला वाकले, तेव्हा दगडामागच्या चिखलात मला तो ठसा दिसला. तळहाताएवढा, गोल, नखांशिवाय. पाऊस रिपरिप पडत होता आणि वाटेवरच्या आमच्या ताज्या पावलांतही पाणी साचू लागलं होतं. त्या ठशात अजून पाणी साचलं नव्हतं.

मी सोमाबाबांकडे पाहिलं. त्यांनी तो आधीच पाहिला होता. मागून सुनीताचा रडवेला आवाज जवळ येत होता. सोमाबाबांनी ठशावर पाय ठेवला, चिखलात फिरवला आणि म्हणाले, “चला.”

घरी काशिनाथनं पोरीला मारलं नाही. त्यानं पेटी उचलून माझ्यापुढं आणून ठेवली.

“न्या ही. आवणी झाली का हिला आश्रमशाळेत टाकतो. तिथं भिंत तरी हाय.”

सुनीतानं गौरीला घट्ट धरलं. “सा वर्साची हाय ती.”

“म्हनून घरात ठेवली, तर कुठं गेली बघ.”

मी स्वतः आश्रमशाळेत शिकले. तिचे उपकार मी विसरणार नाही, तिच्याशिवाय मी आज ही नोकरी करत नसते. पण मी गौरीएवढीच असताना तिथं गेले होते. आईचा वास राहावा म्हणून तिच्या लुगड्याचा तुकडा मी दिवसभर मुठीत धरायचे. गौरीला आईच्या मांडीवर बसून वाचता येऊ लागलं होतं. ते आता माझ्या डोळ्यांसमोर संपत होतं, आणि काशिनाथचं काही चुकत नव्हतं.

तेवढ्यात सोमाबाबांनी पेटीत डोकावलं. “ह्यात ‘मोठा’ कितींदा हाय?”

“एकाच पुस्तकात, बाबा.”

“मग त्याला बाहेर काढा की. खेकड्यानं काय केलंय? कोंबडीनं काय केलंय?” त्यांनी काशिनाथकडे पाहिलं. “तू ल्हान होतास तवा माझा कोयता घेऊन नदीत मगर मारायला गेलेलास. तुला कुठं टाकला मी?”

सुनीता रडता रडता हसली. काशिनाथनं पेटी पुन्हा आपल्याकडे ओढली.

“ते पुस्तक परत घरात येता नये,” शेवटी तो म्हणाला.

“वाघबारशीला आनू दे,” सोमाबाबा म्हणाले. वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते, तेव्हा वाघोबाची पूजा असते. “गवत कापलेलं असतं, लांबवरचं दिसतं. त्या दिवशी त्याचं नाव घेतलं तर मान हाय. आता कह्याला हाक मारायची?”

मीटिंगमध्ये मला न सापडलेलं कारण एवढंच होतं. गवत.

रेंज मिळाली तशी मी मॅडमना फोन लावला.

“मॅडम, कार्डावर लिहिलंय, वाघाला भेटायला कोणत्या वाटेनं जाल. गौरी गेली.”

“सापडली?”

“सापडली. तोही तिथं येऊन गेला होता. आमच्या थोडाच आधी.”

मॅडमचा आवाज बदलला. “सगळ्या घरांतून ते पुस्तक उद्याच परत घे.”

“उद्या नाही मॅडम. मी निघालेय.”

उजेड होता तोवर जवळची घरं मी केली, उरलेली दुसऱ्या दिवशी सकाळी. एका घरी दोन भावंडं डब्यात खडे घालून घंटी बनवत बसली होती. त्यांची आई कौतुकानं म्हणाली, “तुमच्याच कार्डात हाय ना?” मी डबा त्यांच्या हातातून घेतला, तर तो माझ्याच हातात वाजला.

पेट्या आम्ही बदलल्या नाहीत, क्रम बदलला. आवणीच्या दिवसांत आता खेकड्याचं पुस्तक जातं. पोरं खेकडे शोधायला खाचरात जातात, तिथं आया असतातच. कार्डावरचा वाटेचा प्रश्न मॅडमनी स्वतः काढला. त्या जागी लिहिलं, ‘घंटी दाराला बांधा.’

वाघबारशीला मी पुस्तक घेऊन गेले. गौरीनं ते वाघोबासमोर मोठ्यानं वाचलं. काशिनाथ जरा लांब उभा राहून ऐकत होता. चिमी शेपटीला घंटी बांधते त्या पानावर गौरी थांबली.

“हे खोटं हाय,” तिनं जाहीर केलं. “मी बघितलंय.”

सगळे हसले. मी आणि सोमाबाबा नाही हसलो.

पुस्तक निवडताना मी अजूनही चित्रं बघते, भाषा बघते, अक्षरांचा आकार बघते. पण आधी दोन गोष्टी बघते. ते मिटून मूल उठलं तर कुठं जाईल, आणि त्या महिन्यात त्या वाटेवर कोण असतं.