मास्तरांचं प्रॉम्प्टिंग

लोक विचारतात, तुमचे मास्तर एवढी वर्षं त्या तुमसरच्या वरच्या टोल्यांमध्ये काय करत होते? मी सांगते, कुजबुजत होते.

थट्टा नाही. सेवकराम मास्तर, म्हणजे आमचे हे, नोकरीला लागले ते बावनथडी नदीकाठच्या एका टोल्यात, म्हणजे लहानशा वस्तीत. मोजकी घरं, एक वर्ग, मागे जंगल, पुढे मध्यप्रदेश. पोट्टे घरात पोवारी बोलणार, बाजारात हिंदी, अन् पुस्तकातली मराठी समोर आली की मुके. हे मुळात मऊ स्वभावाचे. पोरगा उभा राहून अडला की यांच्यानं बघवत नसे. लगेच ओठ हलवून पुढचा शब्द पुरवायचे. साहेब तपासणीला आले की अख्खा वर्ग यांच्या ओठांकडे बघून फडाफडा उत्तरं द्यायचा. साहेब खूश, गाव खूश.

गावानं हा गुण बरोबर हेरला. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, अन् मंडईला नाटक हवंच. तलवार चालवायला सगळे तयार, पाठांतराचं नाव काढलं की सगळे गायब. म्हणून पडद्यामागे प्रॉम्प्टर बसतो. तो एकेक वाक्य हळूच सांगतो अन् राजा ते छाती काढून गर्जतो. हे पहिल्याच वर्षी पडद्यामागे गेले ते गेलेच. शेजारच्या टोल्यांमधूनही बोलावणी यायला लागली.

घर आमचं साकोलीला. सासूबाई, मुलगी अन् माझी शिलाई मशीन तिथे. हे शनिवारी बसा बदलत यायचे अन् रविवारी बसा बदलत जायचे. बदलीचं काही निघालं की टोल्यावरची माणसं ऑफिसात हजर. "मंडई तोंडावर आली अन् गुरुजी जाऊन राहिले! मंग नाटक कसं होईन?" शाळा कशी होईल, हे एकानेही विचारलं नाही. बदली व्हायची, नाही असं नाही, पण पलीकडच्या टोल्यात. नकाशावर बोटभर सरकायचे, झालं. मी भडकायचे. "तुमाले पोट्टे शिकवाले ठेवलं का नाटकवाले?" हे हसून म्हणायचे, "दोघंबी अडतात ना, शोभा."

असा हा माणूस. गावात ज्याच्या त्याच्या तोंडात यांचं वाक्य, पण यांच्याबद्दल कोणी कधी एक वाक्य बोललं नाही. नाटक गाजलं की हार राजाला. शाळेचं नाव झालं की हार साहेबांना. मला राग यायचा, अजून येतो. म्हणून निवृत्ती आली तेव्हा मी एकच हट्ट धरला. निरोपाला मी येणार, पहिल्या रांगेत बसणार, अन् तुमच्याबद्दल कोणीतरी स्वतःच्या मनानं बोललेलं कानांनी ऐकणार. एक वाक्य चालेल. हे म्हणाले, "कायले पाहिजे ते सगळं?" पण नवा सदरा माझ्याकडून शिवून घेतला, अन् दोनदा घालून पाहिला.

निवृत्तीपर्यंत हे सरकत सरकत पुन्हा पहिल्याच टोल्यात आले होते. तिथला सरपंच जागेश्वर. यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा, अन् आता कित्येक वर्षं नाटकातला कायमचा राजा. मिशा राजाच्या, आवाज राजाचा. मंडईचाच स्टेज मांडला होता, मागे तोच राजवाड्याचा पडदा. खालच्या पहिल्या रांगेत एका खुर्चीवर हे, बाजूला मी. शाल झाली, नारळ झाला. मग जागेश्वर वाकून यांच्या कानाशी लागला. "गुरुजी, भाषण मले द्याचं आहे. तुमी जरासे मांगं बसता का?"

बाप्पा रे बाप्पा! मला वाटलं, मस्करी करून राहिला. हे मात्र शाल खुर्चीवर ठेवून उठलेसुद्धा. मी सदरा धरला. "अवो, सत्कार तुमचा आहे ना!"

"अडन ना तो," म्हणाले, अन् गेले पडद्यामागे.

मग काय विचारता! पडद्यामागून कुजबुज, पुढून गर्जना. शाळेच्या नव्या खोलीचं कौतुक झालं. देणगी देणाऱ्यांचं झालं. खिचडी शिजवणाऱ्या आनंदाबाईचं नाव घेऊन झालं. टाळ्यांवर टाळ्या. अन् इकडे खुर्चीवर शाल, शालीवर नारळ, बाजूला मी दातओठ खात.

"अन् आपले सेवकराम गुरुजी..." जागेश्वर म्हणाला, अन् थांबला. कान पडद्याकडे. पडदा गप्प.

मला चटकन कळलं. सगळ्या दुनियेला शब्द पुरवणाऱ्या या बह्याड माणसाला स्वतःची स्तुती सांगायची लाज वाटत होती.

"गुरुजी, पुढं?" तो हळूच म्हणाला, पण माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं. लोक खो खो हसले. पडदा गप्पच. "आपले सेवकराम गुरुजी..." पुन्हा तेवढंच. राजाला घाम फुटला. मी मनात म्हणत होते, बोल रे लेका. जन्मात एक वाक्य तुझं स्वतःचं बोल. नाही बोललास तर हाच नारळ तुझ्या टाळक्यात घालते.

जागेश्वरनं माइक सोडला. लोकांकडे पाठ केली, पडद्यासमोर जाऊन हात बांधून उभा राहिला, पहिलीतला पोरगा उभा राहतो तसा. म्हणाला,

"गुरुजी, तुमी गेल्यावर मले कोन सांगन?"

पुढच्या रांगेचं हसू बंद झालं. मागचे एकमेकांना विचारायला लागले, काय म्हणाला, काय म्हणाला. मी पदर तोंडाला लावला. हे वाक्य त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग पडद्यामागून यांचा आवाज आला, इतक्या वर्षांच्या सवयीचा.

"मोठ्यानं बोल, लेका. शेवटच्या रांगेले आयकू नाही आलं."