भिंतवाले अप्पा

आमच्या अप्पांइतकी चित्रं पुण्यात दुसऱ्या कोणी पुसली नसतील. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या कॉफीहाउसात एक लांबलचक पांढरी भिंत होती आणि तिथे बसणारे चित्रकार, नेपथ्यकार कोळशाने तिच्यावर वाटेल ते काढत. चेहरे, बैल, एकमेकांची नाकं. वर्षभर अप्पा कोणाला अडवत नसत. दिवाळीच्या आधी मात्र स्वतः शिडीवर चढून सगळ्यावर चुना मारत. भल्याभल्यांची चित्रं त्यात गेली.

एका नामवंत चित्रकाराने एकदा हात जोडले. "अप्पा, निदान माझं तरी ठेवा." अप्पा शिडीवरूनच म्हणाले, "का? आता नवीन सुचणार नाही असं वाटतंय का?" तो तणतणत निघून गेला आणि भाऊबीज झाल्यावर सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीपुढे उभा राहिला. कोरी भिंत दिसली की ही मंडळी घरी थांबत नाहीत, हे अप्पा पुरतं ओळखून होते.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. मलाही त्या पुसण्याचा राग यायचा. "मास्तर, तुम्ही फळा पुसता तेव्हा मी येतो का भांडायला?" एवढंच त्यांचं उत्तर. असा तिरसट माणूस, पण दुसरीकडची कॉफी कधी गोड लागली नाही.

मग हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या, पेठेतल्या जागांना सोन्याचा भाव आला आणि जागामालकाने कॉफीहाउसची इमारत पाडायचं मनावर घेतलं. अप्पा भाडेकरू. बायको गेलेली, मूलबाळ नाही. कॉफीहाउस गेलं तर हा माणूस जगणार कसा, याची आम्हाला धास्ती. आमच्यातला विश्वास तोवर संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या सजवून चांगला वर आला होता. त्याने तोड काढली. "अप्पा, यंदा चुना मारू नका. भिंतच मोलाची ठरली तर इमारतीला कोण हात लावतंय?" अप्पांनी कधी नव्हे ते ऐकलं. त्या दिवाळीला शिडी निघाली नाही. भिंतीवर काच बसली.

झालं. काढायला जागाच उरली नाही. परगावचे लोक फोटो घ्यायला येऊ लागले आणि चित्रकार एकेक करून येईनासे झाले. रिकाम्या टेबलावर फडकं फिरवत अप्पा मला म्हणाले, "मास्तर, मी पुजारी झालो हो. लोक दर्शन घेतात आणि जातात."

शेवटी इमारत पडलीच. भिंत तेवढी जपून कापून काढली आणि एका कंपनीच्या दालनात उभी केली. समारंभाला अप्पांना गाडी पाठवून नेलं, शाल घातली, चार शब्द बोला म्हणाले. "भिंत वाचली. अभिनंदन," असं म्हणून अप्पा खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथे उभं राहवेना.

वारज्याला पुतण्याकडे ते फार दिवस टिकले नाहीत. आजार असा काही नव्हता. सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसत आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठत नसत, असं पुतण्या सांगत होता.

वैकुंठ स्मशानात आम्ही सगळे कित्येक वर्षांनी एकत्र आलो. आमच्यातलं कोणी गेलं की घरच्यांची बोलणी खावी लागली तरी, अंघोळही न करता, तिथून थेट कॉफीहाउसात जायचं ही आमची जुनी रीत. अप्पा न विचारता सगळ्यांपुढे कॉफी ठेवत आणि तेवढ्या दिवसापुरतं कोणाला घालूनपाडून बोलत नसत. अप्पांना अग्नी दिल्यावरही आम्ही सवयीने फाटकाबाहेर एकमेकांसाठी थांबलो. विश्वास म्हणाला, "चला." कुठे, ते कोणालाच सांगता येईना. मग जो तो गाडीला किक मारून आपापल्या घरी गेला.