ओल्या ढिगाचा चेअरमन

आमच्या शिवारातली ठमाबाई मूळची इगतपुरीकडची. भाताच्या चिखलात वाढलेली, त्यामुळे आमच्याकडच्या भुरभुरीला ती पाऊस मानतच नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिनं झेंडू फक्त तोरणात पाहिला होता. सासऱ्यानं पहिल्याच दिवशी तोडणीला लावली, तर बाईनं फुलांबरोबर कळ्याही तोडून टोपलं भरलं. सासरा ओरडला, तर म्हणाली, "मग आधी सांगायचं ना! आमच्याकडं भात कापताना कोवळं-जून कोण बघतं?" सासरा खदाखदा हसला. त्या दिवसापासून घरात तिच्या शब्दाला किंमत आली. सासऱ्यानं मरताना गंगेकाठच्या फुलबाजारातला आपला ओटाही तिच्याच हवाली केला.

हा ओटा म्हणजे साधी गोष्ट नव्हे, बरं का. पुलावरून उतरलं की गिऱ्हाईक पहिलं तिथंच येतं. मागे गटारीशेजारी बसणाऱ्याच्या फुलाला दुपारपर्यंत कोणी हात लावत नाही. अन् कोणी कुठं बसायचं हे ठरवणार कोण? आमच्या फूल मंडळाचा चेअरमन, पुंजाअण्णा.

या अण्णाबद्दल काय सांगू! माझी नातवंडं जन्मली, शाळेत गेली, दोघांची लग्नंही लागली, पण चेअरमन तोच. पांढरा सदरा, कडक इस्त्री, बोटात तीन अंगठ्या. समोर आला की गोड, पाठ वळली की तुमच्या जागेवर त्याचा भाचा. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्यानं ठमाबाईला ऐकवलं, "वहिनी, तुमचं वय झालं. पुलाजवळची धावपळ तुम्हाला झेपत नाय. तिथं आमचा मनोज बसंल. तुम्ही मागं सावलीत बसा."

"सावली गटारीची ना? तुमच्या मनोजला द्या. तो गोरा हाय, काळवंडंल उन्हानं."

"निवडणूक होऊ द्या, मग बघू."

"बघू कशाला? मीच उभी राहते."

अण्णा हसला. सगळा बाजारही हसला. पण बाई उभी राहिली.

आता आमच्या मंडळाची निवडणूक कशी, ते सांगितलं पाहिजे. चिठ्ठ्याबिठ्ठ्या नाहीत. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरानं एक टोपलं झेंडू आणायचा. टोपली सगळी एका मापाची, वरून फडकं झाकलेलं. मंडळाच्या शेडमध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याआड दोन ढीग, एक एकाचा, एक दुसऱ्याचा. ज्याला मत द्यायचं त्याच्या ढिगावर टोपलं ओतायचं अन् रिकामं घेऊन बाहेर यायचं. कोणी कुठं ओतलं हे कोणाला कळत नाही. शेवटी दोन्ही ढीग काट्यावर. ज्याचं वजन जास्त तो चेअरमन. फुलं मग टेम्पोत भरून वणीला, गडावर देवीला. आमच्या आज्यांनी पाडलेली रीत. मोठी देखणी रीत होती. होती म्हणतो.

सगळ्यांचं ओतून झालं, अन् काटा लागेपर्यंत पडद्याआड ढिगांची राखण करायला म्हणून मनोज बसला. राखणदाराला फवारणीचा पंप कशाला लागतो, हे कोणी विचारलं नाही. बाहेर आम्ही चहा पीत होतो अन् आतून हुस्स हुस्स आवाज येत होता. माझ्या शेजारचा म्हणाला, "साप असंल." मी म्हटलं, "सापच हाय, सदरा घातलेला."

फुलबाजारात पाणी मारलेला माल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कोरड्या झेंडूवर पाणी मारलं की तो पाकळ्यापाकळ्यांत धरून ठेवतो अन् काटा खाली बसतो. आमच्याकडं हे सगळे करतात अन् करत नाही म्हणून सगळे शपथाही घेतात.

पडदा निघाला. ठमाबाईचा ढीग असा फुललेला, की मागचा माणूस दिसेना. अण्णाचा ढीग बसका, काळपट, खाली ओघळ. लोक डोळ्यांनी बघत होते. मग काटा झाला. अण्णा जिंकला!

मनोजनं गुलाल उधळायला हात उचलला, तोच ठमाबाई पुढं आली.

"थांब रे. अण्णा, ढीग माझा मोठा अन् वजन तुमचं?"

"वहिनी, तुमची फुलं पोकळ. माझ्या माणसांची भरीव."

लोक हसले. बाईनं अण्णाच्या ढिगात हात घातला, मूठभर फुलं उचलली अन् पिळली. पाणी कोपरापर्यंत आलं.

"ही भरीव व्हय?"

अण्णाचा चेहरा क्षणभर उतरला. पण असल्या माणसाला उतरलेला चेहरा चढवायला वेळ लागत नाही. शेडच्या दाराशी बाजारातले व्यापारी उभे होते. ठमाबाईचा माल रोज उचलणारा, हारवाला गोटीरामशेठही त्यांतच होता. त्यांच्याकडं बघत अण्णा सावकाश म्हणाला, "ओल्या मालाची गोष्ट काढायची का? काढू. शेठ लोक समोरच हायेत. एकेकाच्या क्रेटपासून सुरू करू. बोला, कोणापासून?"

जो तो आपल्या चपला बघायला लागला. सकाळीच प्रत्येकाच्या क्रेटवर तांब्या रिकामा झालेला. काय डाव टाकला होता लबाडानं! त्याची चोरी धरायची, तर आधी आपली कबूल करायची.

"माझ्यापासून काढा," ठमाबाई म्हणाली.

तिची सून सुवर्णा पदर ओढायला लागली. "आत्याबाई, नका. शेठ ऐकतायत."

"ऐकू दे. शेठ, मी पाणी मारते. घरून निघताना क्रेटला एक तांब्या. तुम्हाला दिलेल्या मालावर मारलंय. म्हणून तर हा ढीग कशानं जड झाला ते मला कळतं. माझं झालं. आता बाकीच्यांनी बोला, अन् फुलं उन्हात पसरा. दुपारी परत काटा करू."

मी तिथं होतो, म्हणून सांगतो. एक माणूस बोलला नाही. एकसुद्धा! ज्यांनी तिच्या ढिगावर टोपली ओतली होती, ते कितीतरी जण होते, ढीगच सांगत होता. पण पडद्याआडचं धाडस पडद्याबाहेर आलं नाही.

अण्णानं कानाला हात लावला. "देवीचं फूल उन्हात वाळवायचं? पाप लागंल. चला रे, भरा टेम्पो." पाचच मिनिटांत दोन्ही ढीग एकत्र भरले गेले. कोणतं फूल कोणाचं, कोणतं ओलं, कोणतं कोरडं, सगळं वणीच्या रस्त्याला लागलं. आता तपासणार काय, टेम्पोचा धूर?

दुसऱ्या दिवशी पुलाजवळच्या ओट्यावर मनोजचे क्रेट. गोटीरामशेठ ठमाबाईकडं न बघता पुढं गेला अन् शेजाऱ्याचा माल घेतला. तोही ओलाच होता, पण त्या शेजाऱ्यानं कबूल केलं नव्हतं ना!

दसरा झाल्यावर अण्णाचा सत्कार. अण्णानं सुवर्णाकडं निरोप धाडला, की सासूनं चारचौघांत एवढंच म्हणावं, रागाच्या भरात बोलले. ओटा परत देतो. सुवर्णा रडली. म्हणाली, "आत्याबाई, एक वाक्य तर हाय. घर चालतं त्या ओट्यावर."

ठमाबाई सत्काराला गेली. नारळ, शाल, भाषणं. एकानं तर अण्णाला फुलबाजाराचा बाप म्हटलं. मग माईक बाईच्या हातात आला. अण्णा मान हलवून हसत होता, लहान लेकराला बोलतं करावं तसा.

"अण्णा," ती म्हणाली, "मी रागात बोलले नाय. राग आता आलाय. तुमचा नाय, तुम्ही तर चोरच. ह्या समोर बसलेल्यांचा. ओटा तुमच्या भाच्याला लखलाभ. पुढच्या टायमाला मी परत उभी हाय. पडदा ठेवा, पण आत कोणी बसायचं नाय."

माईक ठेवून ती चालती झाली. शाल अण्णाच्या खांद्यावरून घसरली, ती उचलायचंही कोणाला सुचलं नाही.

आता ती गटारीशेजारीच बसते. माल कोरडा, त्यामुळे काट्यावर तिला तोटा. परवा इंदिरानगरची एक बाई नाकाला रुमाल लावून तिच्यापाशी आली. "मावशी, एवढ्या घाणीत का बसता हो?"

"बसवलीय," ठमाबाई म्हणाली. "घाई नाय ना तुम्हाला? ऐका मग." अन् काटा बाजूला सारून, पुलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं.