जुन्या साडीची घडी आणि आमची अरुळमेरी

साडीच्या दुकानात किस्से कसे साठतात, सांगू? गिऱ्हाईक म्हणतं, एकच दाखवा. आपण एक काढतो, मग तिच्या शेजारची निघते, मग वरच्या फळीवरची, आणि कॉफी येईपर्यंत गादीवर पन्नास साड्यांचा ढीग! अरुळमेरीचंही तसंच आहे. एक गोष्ट सांगायला बसावं तर बाकीच्या आपोआप उलगडत येतात. हल्ली मी दुकानाच्या वरच्या खोलीत फॉल लावत बसते, त्यामुळे आठवायला वेळही भरपूर असतो.

कुंभकोणमच्या या रेशमी साड्यांच्या दुकानात मी एकतीस वर्षं आहे. खालच्या काउंटरची मुख्य होते. सगळे मला 'बाई' म्हणतात. तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी बायकांना हाच किताब! अरुळमेरी माझ्या हाताखालची सेल्सवुमन. ख्रिस्ती. नवरा वारलेला, एक मुलगी. पापनाशम्‌हून रोज बसने येणार, डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करणार आणि दिवसभर जे खरं असेल तेच बोलणार. प्रार्थनेचा कोणाला त्रास नव्हता. त्या दुसऱ्या सवयीने मात्र आमच्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर वाढवलं.

* * *

पहिला किस्सा चेन्नईच्या गिऱ्हाइकाचा. सहा बायका, घरात लग्न, तासाभरात अकरा साड्या बाजूला काढलेल्या. मालक, म्हणजे आमचे मुदलाळी, स्वतः शेजारी उभे. तेवढ्यात त्यांतल्या मोठ्या बाईंनी एका साडीवर हात ठेवला.

"ही हातमागाचीच ना?"

मी डोळ्यांनी खुणावलं. मुदलाळी खोकले. अरुळमेरीने साडी उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "नाही अम्मा, ही पॉवरलूमची. हातमागाच्या त्या पलीकडच्या."

"म्हणजे इतका वेळ आम्हाला काय दाखवत होतात?" बाईंनी पर्स उचलली. सहाच्या सहा जणी पायऱ्या उतरून गेल्या.

तुम्हाला वाटेल, त्या नंतर खऱ्या बोलण्यावर खूश होऊन परत आल्या असतील. गोष्टींत येतात. आमच्याकडे नाही आल्या!

* * *

मुदलाळींनी ते तेव्हा गिळलं. पण महिन्याभरात सुमतीने त्यांच्या कानावर घातलं की अरुळमेरी हे रोजच करते. सुमती म्हणजे काउंटरवरची दुसरी मुलगी, तोंडाने तिखट, नुकतं लग्न झालेली. झालं! अरुळमेरीची रवानगी वरच्या खोलीत. फॉल लावायचे, पदराला गोंडे बांधायचे, गिऱ्हाइकाचं तोंड दिसणार नाही आणि कमिशन बंद.

मला वाटलं, ही आता रडेल, निदान सुमतीला चार शब्द सुनावेल. मी मुद्दाम जिन्यापर्यंत गेले.

"वाईट वाटलं का ग?"

"वाटलं ना!" ती म्हणाली. "पण बाई, वर खिडकी आहे. इतकी वर्षं मला खाली ट्यूबलाइटखाली रंग ओळखावे लागत होते."

* * *

मुलीच्या कॉलेजचा किस्सा हसण्यासारखा नाही, तरी सांगते.

अरुळमेरीच्या घराण्यात कागदोपत्री जुनाच, म्हणजे हिंदू, धर्म चालत आलेला होता. तो तसाच ठेवला की मुलीला राखीव जागा, आणि 'ख्रिस्ती' लिहिलं की अनुसूचित जातींच्या यादीतून नाव निघतं आणि मोठी सवलत हातची जाते. तिच्या नात्यातल्या कितीतरी लोकांनी कागद तसाच ठेवलेला. त्यांना नावं ठेवणारी मी कोण? मीही तिला तेच सांगितलं. "प्रार्थना मनात कर ना! फॉर्मला काय कळतंय?"

अरुळमेरीने आधी स्वतःचे सगळे कागद बदलून घेतले आणि मुलीच्या फॉर्मवर लिहिलं, ख्रिस्ती. मुलीला हवं ते कॉलेज मिळालं नाही. आठ दिवस ती आईशी बोलली नाही. नवव्या दिवशी फक्त एक वाक्य बोलली.

"आई, तुझ्या देवाला सवलत चालत नाही का?"

"देवाला चालते ग," अरुळमेरी म्हणाली. "मलाच चालत नाही."

हे तिने मला वरच्या खोलीत सांगितलं. मी चिडून विचारलं, "कशाच्या भरवशावर जगतेस ग तू?" तिने नाक पुसलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

* * *

पुढे सुमतीला दिवस गेले. नवरा आखातात, सासूचा नवस, की सातव्या महिन्यात तिरुक्करुगावूरच्या गर्भरक्षांबिकेच्या देवळात जाऊन यायचं. सुखरूप सुटका व्हावी म्हणून तिथे दूरदूरच्या बायका येतात. पण सोबत कोण जाणार? सीझनचे दिवस, मी काउंटरवरची एकही मुलगी सोडायला तयार नव्हते. मग वरून अरुळमेरी उतरली. "मी जाते. मला कोणी शोधणार नाही."

बसमध्ये सुमतीला दोनदा उलटी झाली. देवळाशी पोचल्यावर सुमती आत गेली आणि ही बाहेर भर उन्हात तिच्या चपला घेऊन तासभर उभी! नेमकं ते तिच्या चर्चमधल्या कोणीतरी पाहिलं. रविवारी पास्टरांनी बोलावून घेतलं.

"मग? काय सांगितलंस?" मी विचारलं. मला खरंच काळजी वाटत होती, कारण चर्च म्हणजे तिचं माहेर.

"जे झालं ते. ती आत गेली, मी बाहेर थांबले. तिला चक्कर आली असती तर हात कोणी धरला असता?"

"आणि पास्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, पुढच्या वेळी छत्री ने."

* * *

आता माझा किस्सा. इथून पुढे मला हसू येत नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. रेशमी साडीची घडी दर काही महिन्यांनी मोडायची आणि नव्या जागी घालायची. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम तिथेच कुजतं. म्हणून जुनी साडी उघडताना दोन्ही हात खालून घ्यायचे, घडीवर ताण द्यायचा नाही. नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी मीच हे शिकवते. माझं भाषण त्या मुलींना पाठ आहे.

एका मुलीचं लग्न ठरलं होतं. आई नव्हती. आईच्या लग्नातली साडी तिचे वडील आमच्याकडे घेऊन आले. मुलगी मुहूर्ताला ती नेसणार होती आणि तसाच काठ त्यांना दुसऱ्या एका साडीला विणून हवा होता. दारासुरम्‌च्या विणकराला काठाचा फोटो पाठवायचा म्हणून मी साडी घेऊन वरच्या खोलीत, खिडकीपाशी गेले. एका हातात मोबाइल. दुसऱ्या हाताने साडी ओढली.

चर्र! निऱ्यांच्या भागात, घडीवर, चांगली वीतभर.

इतकी वर्षं मी शिकवते, आणि एका हाताने ओढली!

खोलीत फक्त अरुळमेरी होती. तिने सुई खाली ठेवली. मी साडी पुन्हा जुन्या घडीवर घातली, फाटलेला भाग आत दडवला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आजच सांगून टाका. आज सोपं आहे."

"उद्या सांगते," मी म्हणाले.

त्या 'उद्या'ला मी काय केलं? विणकराला काठ प्रत्यक्ष बघायचाय असं निमित्त काढून ती साडी सुमतीच्या हातात दिली आणि तिला दारासुरम्‌ला पाठवलं. माझ्या मनात काय होतं ते स्पष्टच लिहिते. साडी दुकानाबाहेर जाऊन आली की फाटली कुठे, हे कोणालाच सांगता येणार नाही, हेच होतं.

संध्याकाळी घरी नवऱ्याने विचारलं, "कसाला जेवत नाहीस? अस्की भाजी उरली की!" आमची तंजावरची मराठी अशीच. कसाला म्हणजे का, अस्की म्हणजे सगळी. पुण्याची गिऱ्हाइकं ऐकून हसतात. त्या दिवशी त्या साध्या 'कसाला'ला मी पोट दुखतंय म्हणून खोटंच सांगितलं.

* * *

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा वडील साडी घ्यायला आले. काउंटरवर त्यांनीच ती उलगडली. फाटलेल्या जागेत बोट घालून नुसते उभे राहिले. मग जे ओरडले ते रस्त्यावर ऐकू गेलं.

(साडीचं काय झालं ते आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यातच अडकाल. दारासुरम्‌च्या विणकराने तिला रेशमाच्या धाग्याने रफू केलं, ते निऱ्यांत लपलं, मुलगी आईचीच साडी नेसली.)

वडील गेल्यावर मुदलाळींनी शटर अर्धं खाली ओढलं. दुपारचे चार वाजले होते. आम्हा सगळ्यांना काउंटरसमोर उभं केलं.

"साडी बाहेर कोणी नेली होती?"

"मी," सुमती म्हणाली. तिला उभं राहवत नव्हतं. "पण मुदलाळी, मी नाही फाडली. विणकराने नुसतं टोक पाहिलं."

"मग आपोआप फाटली? उद्यापासून येऊ नकोस!"

सुमती स्टुलावर बसली आणि पोटावर हात धरून रडायला लागली. बोल, बोल, असं मी स्वतःला सांगत होते आणि माझे डोळे घड्याळावर होते.

"सुमतीने फाडली नाही," जिन्यावरून आवाज आला.

मुदलाळी वळले. "तुला माहीत आहे कोणी फाडली?"

"माहीत आहे."

"मग नाव सांग. तू खोटं बोलत नाहीस, हे अख्ख्या दुकानाला माहीत आहे. तुझा शब्द मी मानतो."

मी काउंटरची कड घट्ट धरली.

"नाव मी नाही सांगणार," अरुळमेरी म्हणाली. "ज्याचं आहे तो माणूस सांगेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगेल, मुदलाळी."

"कशाच्या भरवशावर बोलतेस?" ते ओरडले. "नाव सांग, तू राहशील आणि हीही राहील. नाहीतर दोघी चालत्या व्हा!"

अरुळमेरी वर गेली आणि पिशवी घेऊन खाली आली. सुमतीच्या पाठीवरून हात फिरवला, "गोळ्या वेळेवर घे," म्हणाली. मग माझ्यासमोर आली. दुपारी आम्ही एकत्र जेवलो होतो, माझा रिकामा डबा तिच्या पिशवीत राहिला होता. तो तिने मला दिला. तिचे हात इतके थरथरत होते की आतला चमचा वाजत होता. मला तोवर वाटायचं, हिला भीती वाटतच नसेल.

अर्ध्या शटरखालून वाकून ती निघून गेली.

* * *

आणि हा शेवटचा.

ती गेल्यावर मुदलाळी खुर्चीत बसले. माझ्यासाठीही खुर्ची ओढली. सुमतीचे हुंदके चालूच होते. मग त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. तुमचा संशय कोणावर?"

एक नाव घेतलं असतं तर संपलं होतं. त्यांनी मानलंही असतं. डबा अजून माझ्या हातात होता.

"मी फाडली," मी म्हणाले. "एका हाताने ओढली. आणि नंतर मुद्दाम सुमतीला पाठवलं."

सुमतीचं रडणं थांबलं. मुदलाळी म्हणाले, "तुमचं मी उद्या बघतो. आधी तिला घेऊन या."

मी धावले. बावन्नाव्या वर्षी, रेशमी साडी नेसून, भर बाजारातून! घड्याळात साडेचार वाजून गेले होते. तंजावरला जाणारी प्रत्येक बस पापनाशम्‌वरून जाते, दर दहा मिनिटांनी एक. ती केव्हाच गेली असणार, हे मला माहीत होतं, तरी धावले.

कॉफीच्या गाडीशेजारी, बसच्या थांब्यावर, अरुळमेरी पिशवी छातीशी धरून उभी होती.

मला बोलता येईना. धाप लागली होती, डोळ्यांत पाणी. कशीबशी म्हणाले, "बस... नाही आली?"

"आल्या ना," ती म्हणाली. "दोन आल्या. सोडल्या."