सईदच्या जागी

कुठून सुरू करू, तेच कळत नाही. ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, मुलांना ठाऊक नाही, जुम्म्याच्या नमाजला, दर शुक्रवारी, माझ्या शेजारी बसणाऱ्या लहानपणच्या दोस्तालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बसा जरा. हे घाईत सांगता येणार नाही — आणि मी फिरून फिरून मुद्द्यावर येईन, तेवढं चालवून घ्या.

सौदीत होतो म्हटलं की लोक म्हणतात, बापरे, त्या वाळवंटात! कोण समजावत बसणार? मी होतो अब्हात. देशाच्या दक्षिणेला, डोंगरावर. आमच्या गावची पोरं दम्मामला कंपन्यांच्या कॅम्पात घामाने निथळायची आणि मी ऑगस्टात स्वेटर घालून बसायचो. धुकं असं उतरायचं की समोरच्या दुकानाची पाटी दिसायची नाही. रियाध-जेद्दाची माणसं उन्हाळा चुकवायला तिथे येतात. गाड्या भरभरून, सासू-सुना, पोरंटोरं घेऊन. रस्त्याकडेला गालिचा पसरायचा, कॉफीची सुरई मधे ठेवायची आणि माकडांना चिप्स खाऊ घालायचे. मग तीच माकडं गाडीत शिरली की आरडाओरडा. अब्हाची माणसं हे लांबून बघतात आणि गालातल्या गालात हसतात. मीही तसं हसायला शिकलो होतो. वीसेक वर्षं काढल्यावर माणूस स्वतःला तिथलाच समजायला लागतो ना? खिशातल्या इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, तारीख असते, दर वेळी ती पुढे ढकलून घ्यावी लागते — तरी समजतो.

माझं काम म्हणजे फर्निश्ड फ्लॅट्सच्या एका इमारतीचं काउंटर. पाहुण्यांना फ्लॅट द्यायचे, किल्ल्या सांभाळायच्या, गीझर चालत नाही म्हणून कुणी ओरडलं तर ऐकून घ्यायचं. मालक अबू नासिर. तोच माझा कफील, म्हणजे माझा व्हिसा त्याच्याच नावावर. खडूस होता, पण माझ्यावर सगळं टाकून मोकळा. रियाधची कुटुंबं दर वर्षी येताना आधी मला फोन करायची, अरे हनीफ, तोच वरचा फ्लॅट ठेव. गावात मला कोण विचारतं? तिथे विचारत होते.

मग ते सौदीकरणाचं आलं. हॉटेलच्या काउंटरवर आता सौदी माणूसच बसणार, असा हुकूम. त्यात गैर काय? आपल्याकडे नाही का भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या म्हणून ओरडत? त्यांचा देश, त्यांची खुर्ची. अबू नासिरने मला सांगितलं, माणूस आणलाय, त्याला तीन महिन्यांत तयार कर. मग तू खलास, मोठ्या सुट्टीवर जा. मोठी सुट्टी म्हणजे परत यायचं नाही.

तो माणूस म्हणजे सईद. तिथल्याच एका डोंगरातल्या गावचा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान असेल. आधी मधाच्या पेट्या गाडीत घालून डोंगरभर हिंडायचा. बायको वारलेली, मूल नाही, बहिणी लग्न होऊन लांब. घरी म्हातारी आई. तिला गाव सोडायचं नव्हतं आणि याला तिला सोडायचं नव्हतं. म्हणून अब्हातली ही नोकरी त्याला हवी होती, दुसरं काही नाही. संध्याकाळी घरी पोचता यायचं. पहिल्याच दिवशी त्याने मला हे सांगितलं. माझ्यापासून कशाला लपवेल? मी त्याचा उस्ताद.

पहिल्याच जुम्म्याला तो मला घरी घेऊन गेला. भिंतींवर त्याच्या आईने हाताने काढलेली लाल-निळी-पिवळी नक्षी. आपल्याकडच्या बायका ओटी सारवून रांगोळ्या काढतात, तशी ती म्हातारी दर वर्षी भिंत रंगवायची. तिने रोटी कुस्करून, त्यात तूप-मध ओतून माझ्यासमोर ठेवली आणि मी खाईपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, आता तुझ्या-आमच्यात रोटी आणि मीठ झालं. तिथे हे उगाच बोलत नाहीत. ज्याच्याबरोबर रोटी-मीठ झालं, त्याला दगा द्यायचा नाही, चारचौघांत त्याला खाली बघायला लावायचं नाही. मला हे माहीत होतं. नंतर सांगायला नको, की माहीत नव्हतं.

आता काउंटरचं. नियम साधा होता. पाहुणा आला की आधी त्याचं कार्ड मागायचं, कुटुंब असेल तर कुटुंबाचं कार्ड, ते कॉम्प्युटरवर चढवायचं आणि मगच किल्ली द्यायची. पोलिसांना ते तिकडे दिसतं. न चढवता किल्ली दिली आणि तपासणी आली, तर मालकाला दंड, कधी इमारतीला टाळंही.

आणि सईद काय करायचा? गाडी थांबली की बाहेर जायचा. सामान उचलायचा, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, सगळ्यांना बसवून कॉफी पाजायचा, खजूर पुढे करायचा आणि किल्ली देऊन टाकायचा. नाव विचारायचा नाही! त्या डोंगरातली रीतच तशी. दारात आलेल्या पाहुण्याला तीन दिवस विचारत नाहीत, तू कोण, कुठला, कशाला आलास. विचारणं म्हणजे त्याचा अपमान आणि आपल्या घराची लाज. बायकामुलांसमोर एखाद्याकडे कार्ड मागायचं म्हटलं की सईदच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

त्याने मला विचारलं. हे मात्र नीट ऐका, इथेच सगळं आहे. त्याने मला स्वतःहून विचारलं — हनीफ, कार्ड आधीच मागायला पाहिजे का? पाहुणे दमून येतात, सकाळी मागितलं तर नाही का चालणार?

मी काय सांगायला हवं होतं? चार शब्दांचं काम होतं.

मी म्हणालो, चालतं की. तुझी पद्धत चांगली आहे. सकाळी चढवलं तरी काही बिघडत नाही.

तो खूश झाला. म्हणाला, मला वाटलंच होतं तू समजून घेशील.

तुम्ही म्हणाल, पोटासाठी केलंस. नाही हो. पोरांची शिक्षणं झाली होती, गावात घर उभं राहिलं होतं. बायको फोनवर म्हणत होती, पुरे आता, या. पोटाचं कारण सांगायची सोयच नाही मला. मला नुसती घरी जायची भीती वाटत होती. घरी मी कोण? सुट्टीवर येणारा पाहुणा. अब्हात निदान काउंटर होतं. सईद नापास झाला, तर मालकाला माझ्यावाचून चालणार नाही, एवढा हिशोब मी मनात केला होता. कधी केला, ते सांगता येत नाही. एक दिवस बघितलं तर तो झालेला होता.

मग मी वाट बघत बसलो. रागाने नाही बरं का. सईदचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतंच. आतून नुसता सुन्न होतो. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपला राहत नाही, तसं. तो कॉफी ओतायचा आणि मी बघायचो. मधल्या काळात त्याच्या घरी दोनदा जेवूनही आलो.

ऐन सीझनात तपासणी आली. दुपार होती, पण धुक्यामुळे दिवे लावलेले. मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. तपासणीच्या वेळी परदेशी माणूस काउंटरपाशी दिसायचा नाही, ही आमच्यात सगळ्यांची सवय झाली होती. सगळं ऐकू येत होतं. तीन फ्लॅटांत माणसं होती आणि कॉम्प्युटरवर त्यांचा पत्ता नव्हता. दोन कुटुंबं त्याच दुपारी उतरली होती आणि तिसऱ्याची म्हातारी तापाने पडलेली होती, म्हणून सईदने सकाळीही तिच्या माणसांना उठवलं नव्हतं. तपासणारे दंड ठोकून गेल्यावर अबू नासिर आला. इतका भडकला होता की त्याचा रुमाल खांद्यावर घसरला होता. त्याने मला बाहेर बोलावलं आणि सईदच्या देखत विचारलं, तू ह्याला शिकवलं होतंस की नाही?

मी म्हणालो, रोज सांगत होतो.

एवढंच. रोज सांगत होतो. अरबीत दोन शब्द होतात.

सईदने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही — बहुतेक आणखी खोटं बोललो असतो. तो मालकाकडे वळून म्हणाला, खरंय. हनीफने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.

आपल्याकडे म्हणतात ना, खाल्ल्या मिठाला जागावं. मीठ मी खाल्लं होतं. जागला तो.

त्याच दिवशी त्याला काढलं. अब्हातले सगळे हॉटेलवाले एकमेकांना ओळखतात, दंड लावून आलेल्या माणसाला कोण ठेवणार? अबू नासिरने स्वतःच्या भाच्याचं नाव काउंटरवर लावलं. भाचा महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा आणि मागच्या खोलीतून सगळं मीच बघायचो. माझी मोठी सुट्टी टळली. मला हवं होतं ते झालं. आनंद झाला का? नाही. वाईट वाटलं का? तेही नाही, खरं सांगतो. जेवलो आणि झोपलो.

सईदला शेवटी नोकरी मिळाली ती दम्मामच्या बंदरात, पहारेकऱ्याची. म्हणजे देशाचं दुसरं टोक. आईला म्हणाला चल, ती नाही म्हणाली. जायच्या आदल्या दिवशी तो मला भेटायला आला. वाटलं, आता तरी बोलेल. तो म्हणाला, मधूनमधून आईकडे जात जा. तुझा तिला आधार आहे. मी म्हणालो, इन्शाअल्लाह.

आणि गेलो! हेच मला स्वतःला कळत नाही. दर जुम्म्याला नमाजनंतर जायचो. ती दार सताड उघडं ठेवायची, शेजारणीची नात जवळ बसवायची आणि मला वाढायची. माझे गुडघे कसे आहेत विचारायची, माझ्या बायकोला न बघता दुवा द्यायची. मला बेटा म्हणायची. एकदा वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, खरं सांग, सईद काम नीट करत नव्हता का?

तिथे कोण होतं मला धरायला? ना मालक, ना पोलीस. पुढ्यात एक म्हातारी आणि मी. तेव्हा तरी सांगता आलं असतं.

मी म्हणालो, अम्मा, तो जरा विसराळू आहे.

ती हसली. म्हणाली, लहानपणापासून तस्साच मेला. मग तिने माझ्या ताटात आणखी मध ओतला.

मालकासमोरचं खोटं घाबरून बोललो, असं निदान स्वतःला म्हणता तरी येतं. हे कशासाठी बोललो? ह्याला काहीच नाव नाही. आपल्या मुलाला ती शेवटपर्यंत विसराळू समजत राहिली.

काही वर्षांनी ती गेली. उन्हाळ्यात, सीझनच्या ऐन गर्दीत. सकाळी शेजाऱ्याचा मला फोन आला. मीच सईदला कळवलं. अब्हाची विमानं तेव्हा पाहुण्यांनी भरलेली असतात, त्याला जागा मिळेना. अख्खा देश ओलांडून तो गाडीने निघाला. पण आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजनंतर उचलायचं ठरलं. त्याच्या जमातीची माणसं होती, चुलतभाऊ होते. मी मागे, परक्यांत उभा होतो. त्यांच्यातला एक वडीलधारा माझ्यापाशी आला, माझं मनगट धरून मला पुढे नेलं आणि जनाज्याच्या पुढच्या बाजूला उभं केलं. म्हणाला, सईदच्या जागी तू खांदा दे. ती तुला बेटा म्हणायची.

नाही म्हणता आलं असतं. मी खांदा दिला. म्हातारी फार हलकी होती.

सईद दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. कपडे चुरगळलेले, डोळे सुजलेले. मी कब्रस्तानच्या फाटकाशी थांबलो होतो. तो आधी आत गेला, मातीपाशी बसला, बराच वेळ बसला. मग बाहेर आला आणि माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. त्याला सगळं माहीत होतं. मी काय शिकवलं, काय नाही, कोण खोटं बोललं — माझ्याइतकंच त्यालाही माहीत होतं. त्याच्या आईला मी काय सांगितलं, एवढंच काय ते त्याला माहीत नव्हतं. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, जे मी करायला हवं होतं ते तू केलंस, हनीफ. अल्लाह तुला याचा मोबदला देवो.

मी म्हणालो, आमीन.