जपून ठेवलेली बॅटरी

सकाळपासून बोचरा वारा सुटला होता. भांडी घासताना बोटं आपली की दुसऱ्याची, तेही कळू नये अशी थंडी. अंडीवाली वहिनी भांडी अर्धी टाकून कोंबड्यांना दाणे घालायला उठली, खुराड्यातला ओला भुसा काढला, आणि हात धुणार तोच मागच्या खोलीतली घरघर थांबली. उबवणीच्या मशीनचा पंखा होता तो. लाईट गेली होती.

अंडी फुटायला आली होती. मशीनच्या दाराला कान लावला की आतली चिवचिव ऐकू येई. मागची अख्खी खेप अशीच लाईट जाऊन गार पडली होती. ती अंडी खड्ड्यात पुरून आली, त्या दिवशी ती जेवायला बसलीच नव्हती. मग हट्टाने इन्व्हर्टर आणला.

"बॅटरी आहे की," असं स्वतःलाच बजावत ती धावली. बॅटरीवरची चादर ओढली, पिन लावली, बटण दाबलं. इन्व्हर्टर एकदा केकाटला आणि गप्प झाला.

"मेली वाटतं ही!"

"मेली कुठली, उपाशी मारलीस तू," दारातून सासूबाई म्हणाल्या. "उन्हाळाभर पंख्यासाठी घसा फोडला मी. तर म्हणे वापरली की झिजेल! पिनसुद्धा काढून ठेवलीस. बॅटरी आहे का मंगळसूत्र, चादरीत गुंडाळायला?"

वहिनीने पिन काढून पुन्हा लावली. वेळेला हवी म्हणून तिने बॅटरी कुणाला वापरू दिली नव्हती, आणि कधी चार्जही केली नव्हती.

लाईटच्या ऑफिसला फोन लावला. "तारेवर झाड पडलंय ताई, माणसं गेलीत," एवढंच कळलं.

मग पाणी तापवलं, बाटल्या भरल्या, रजया ओढून आणल्या. "एकदाच उघड, बाटल्या ठेव आणि लाव चटकन," सासूबाईंनी दटावलं. दार लागताच मशीनभोवती रजया लपेटून त्या दाराला पाठ लावूनच बसल्या.

वहिनीला कुठला धीर! अंगणात जाऊन तारांकडे बघायची, आत यायची, पुन्हा बाहेर. मध्येच हात दाराकडे जायचा.

"एकदा उघडून बघू द्या ना, आई."

"बघून काय करणार? ऊब तेवढी घालवशील. हात खाजत असतील तर पाणी तापव."

थोड्या वेळाने तिचा चेहरा पडला. "आई, आवाज बंद झाला हो! एकही बोलत नाही!"

"तू जरा बंद हो, म्हणजे त्यांचा ऐकू येईल."

वहिनी मटकन खाली बसली. रजई बाजूला सारून कान लावला, श्वास धरला. काहीच नाही. मग लांबून यावी तशी एक बारीक चिव. पाठोपाठ दुसरी. तिने सासूबाईंचं मनगट असं आवळलं की बांगड्या रुतल्या. "सोड गं, मी नाही पळत," सासूबाई कण्हल्या, पण हात काढला नाही.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा पंखा घरघरला. रजई सारून मशीनच्या दाराच्या काचेतून पाहिलं, तर एका अंड्याला भेग गेली होती आणि भेगेतून इवलीशी चोच धडपडत होती.

वहिनीने आधी बॅटरी चार्जिंगला लावली. "नाही उठली तर नवी आणते. उन्हाळ्यात पंखा तुमचाच."

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात. पुढच्या वेळी लाईट गेली की माझा टीव्ही लाव, म्हणजे झिजते का कळेल."

हसू दाबत वहिनी उरलेल्या भांड्यांपाशी येऊन बसली. राख घेतली, तवा घासायला लागली. दर दोन भांड्यांमागे मान वळवून इन्व्हर्टरचा लाल दिवा मात्र बघत राहिली.